क्लीन बूस्ट लावूनही सोलो वर येत नाही, गडबड कुठे आहे?

आठवा_फ्रेट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

बँडमध्ये मी लीड वाजवतो. साखळी अशी: हंबकर (दोन कॉइलचा, जोरकस सिग्नल देणारा पिकअप) असलेली गिटार, ट्यूनर, क्लीन बूस्ट (सूर न बदलता सिग्नल फक्त मोठा करणारं पेडल), ओव्हरड्राइव्ह (सूर फाडणारं पेडल) आणि शेवटी 15 वॉटचा ट्यूब ॲम्प. बूस्ट घेतला तो एकाच कामासाठी, सोलोच्या वेळी पायाने दाबला की आवाज वर यावा. घरी चोख चालतो, दाबला की दचकायला होतं. पण सरावाला ड्रमर आणि दुसरा गिटारवाला सोबत असले की तेच पेडल दाबून काही होत नाही. म्हणजे होतं, पण भलतंच. सूर जाड होतो, लांबतो, जरा गिचमिड होतो आणि आवाज आहे तिथेच. नॉब पुरा फिरवला तर आणखी गिचमिड. कीबोर्डवाला शांतपणे विचारतो, "सोलो सुरू झाला का?"

पेडल लेचंपेचं आहे का? जास्त डेसिबलवालं घ्यावं का? की क्लीन बूस्ट हे प्रकरणच माझ्या कामाचं नाही?

सहावी_तार

ड्राइव्हच्या नंतर लाव. ड्राइव्हच्या आधी लावलास तर गेन (म्हणजे फाड) वाढतो, नंतर लावलास तर आवाज वाढतो. संपला धागा, घरी जा सगळे. :)

कानठळ्या

बाकीच्यांना आवाज कमी करायला सांगा. आजवर कुणी ऐकलंय का ते सोडा.

डेसिबल_वेडा

सहावी_तार, एवढ्यात नाही संपत. अर्धं उत्तर आलंय.

धागाकर्ते, घरी चालतं आणि सरावाला चालत नाही, या एका वाक्यातच निदान आहे. घरी ॲम्प हळू आवाजात असतो, म्हणजे त्याच्यापाशी वर जायला भरपूर जागा शिल्लक असते. सरावाला तुम्ही ड्रमच्या वर ऐकू यावं म्हणून गेन आणि मास्टर (ॲम्पचा शेवटचा आवाजाचा नॉब) दोन्ही चढवता. तिथे ट्यूब आधीच क्लिप होत असतात, म्हणजे लाटेचं टोक छाटलं जात असतं. आता पेडलने सिग्नल दुप्पट करा नाहीतर दहापट, टोक तेवढ्याच उंचीवर छाटलं जाणार. उंची वाढत नाही, लाट चौकोनी होत जाते. कानाला तेच जाड, लांबलेलं आणि गिचमिड लागतं. भरलेल्या बादलीत नळ मोठा सोडून काय होणार?

आकडेच हवे असतील तर: 6 डेसिबल म्हणजे व्होल्टेज साधारण दुप्पट, 20 डेसिबल म्हणजे दहापट, 26 म्हणजे जवळजवळ वीसपट. जुन्या धर्तीच्या बऱ्याच ॲम्पमध्ये पहिल्या 12एएक्स7 ट्यूबचा बायस दीड व्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे साधारण तेवढ्याच उंचीची लाट ती न छाटता घेते. हंबकरवर जोरात कॉर्ड मारली की क्षणभर एक व्होल्टच्या घरात सिग्नल सहज जातो. त्याला दहाने गुणा. पहिल्याच ट्यूबचा जीव घुसमटतो, पुढच्या ट्यूबचं तर विचारूच नका. तुमच्या साखळीत तर मध्ये ओव्हरड्राइव्ह पण आहे, त्याचे डायोड त्याआधीच छाटणी करून बसलेले.

म्हणून जास्त डेसिबलवालं पेडल घेऊ नका. आहे त्याचेच डेसिबल वाया चाललेत.

सहावी_तार

मी दोन ओळींत हेच म्हटलं होतं. असो, वाचनखूण साठवली.

डेसिबल_वेडा

नाही ना. ड्राइव्हच्या नंतर लावला आणि ॲम्पचा स्वतःचा गेन तसाच 7 वर ठेवला, तरी ॲम्पचा प्रीॲम्प (आतला पहिला टप्पा) छाटणारच. जागा बदलून काम अर्धंच होतं. ॲम्पला श्वास घ्यायला जागा ठेवावी लागते.

खरडवही

एवढा खटाटोप कशाला? गिटारला व्हॉल्यूमचा नॉब कशासाठी दिलाय? रिदमला 7 वर ठेवायचा, सोलोला 10 वर. बूस्ट गिटारमध्येच आहे. पिढ्यानपिढ्या लोकांनी असंच वाजवलंय. हल्ली बोर्डवर पेडल वाढली आणि करंगळीचा व्यायाम कमी झाला.

आठवा_फ्रेट

खरडवही, करून पाहिलंय. 7 वर आणला की आवाजासोबत धारही जाते, सगळं गोधडीखाली गेल्यासारखं होतं.

जुनाट_जॅक

त्याचं कारण केबलची कपॅसिटन्स. नॉब मागे घेतला की मधला रेझिस्टन्स वाढतो आणि केबलशी मिळून तो वरचे सूर गाळतो. साधारण मीटरला 100 पिकोफॅरड धरा, सहा मीटरची केबल म्हणजे 600. नॉबच्या दोन टोकांवर एक छोटा कपॅसिटर डाकला की धार टिकते, त्याला ट्रेबल ब्लीड म्हणतात. सोबत एक रेझिस्टर लावला तर अतिरेक होत नाही. डाक द्यायला येत असेल तर अर्ध्या तासाचं काम.

पण खरडवहींशी मी निम्माच सहमत. गिटारचा नॉब साखळीच्या सगळ्यात सुरुवातीला. पुढे ॲम्प छाटत असेल तर 7 वरून 10 वर नेऊनही आवाज नाही, गेनच वाढणार. म्हणजे फिरून तिथेच.

खरडवही

छाटत असेल तर. माझा ॲम्प काठावर असतो, कॉर्ड हळू मारली की स्वच्छ, जोरात मारली की कुरकुरीत. तिथे नॉब दोन्ही कामं करतो. तुम्ही लोक ॲम्पच गच्च भरून ठेवता आणि मग वर चढायला शिडी मागता.

मंद्रा

मी बँडमध्ये दुसरी गिटार वाजवते, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात मीच आहे असं धरा. :)

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. ऐकू येणं फक्त मोठ्या आवाजावर नसतं. दोन गिटार, कीबोर्ड आणि गाणारा, सगळे एकाच मधल्या पट्ट्यात दाटीवाटीने बसलेले असतात. तुमचा बूस्ट सगळंच सारखं वर उचलतो, खर्जासकट. तो खर्ज जातो बास आणि किकच्या वाट्याला, आणि तिथे तो कुणालाच नको असतो. आमच्या लीडवाल्याने शेवटी क्लीन बूस्ट काढून इक्वलायझरचं पेडल लावलं. बॉसच्या जीई-7 वर सात पट्ट्या असतात, 100 हर्ट्झपासून 6.4 किलोहर्ट्झपर्यंत, प्रत्येक 15 डेसिबल वर-खाली. त्याने 800 आणि 1.6 किलोहर्ट्झ जरासे वर घेतले, 100 खाली ओढला, लेव्हल किंचित वाढवली. मीटरवर फरक फारसा नव्हता, पण सोलो समोर येऊन उभा राहिला.

आणि हो, तो सोलो वाजवताना मी पण जरा मागे सरते. हे कुठल्याही पेडलमध्ये मिळत नाही.

कानठळ्या

मंद्राताई, तुमचा पत्ता द्या, आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याला शिकवणीला पाठवतो.

पिकअपवाला

मंद्रा +१. म्हणूनच ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लोक ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पुरी चढवून बूस्टसारखा वापरतात. त्याचा उंचवटा 720 हर्ट्झच्या आसपास, खालचा खर्ज आपोआप कमी. मेटलवाले तर तो आधीच पेटलेल्या ॲम्पच्या तोंडाशीच लावतात. तिथे त्यांना आवाज नकोच असतो. पाम म्यूट केलेल्या (तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या) रिफ घट्ट व्हाव्यात एवढंच हवं असतं.

सदा_सुरू

मी वेगळ्याच गोटातला. माझा बूस्ट कधी बंदच होत नाही. 3-4 डेसिबल, साखळीत सर्वात आधी, आणि विसरून जायचं. सूर भरीव होतो, वाजवायला मजा येते. सोलोसाठी वगैरे मला नकोच. ईपी बूस्टर लावल्यापासून गिटार बदलल्यासारखी वाटते. मुळात तो इकोप्लेक्स ईपी-3 या टेप इकोच्या प्रीॲम्पवरून बेतलेला आहे. लोक इको न वापरताही ती पेटी केवळ त्या सुरासाठी साखळीत ठेवायचे.

डेसिबल_वेडा

सदा_सुरू, हलके घ्या, पण तुम्हाला भरीव वाटतो तो निव्वळ मोठा झालेला असू शकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली मोजून दाखवलं की आवाज हळू असला की कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, वाढवला की ते भरून येतात. म्हणजे कोणतीही गोष्ट 3 डेसिबल वाढवा, ती सुंदर वाटणार. पेडलच्या दुकानातलं निम्मं प्रेम या एका गोष्टीवर जमतं.

खरी चाचणी हवी तर बूस्ट चालू करून ॲम्पचा मास्टर तेवढाच खाली घ्या, बंद करून वर, आणि पायाने दुसऱ्या कुणाला तरी दाबायला सांगा. पाठ फिरवून ओळखा.

सदा_सुरू

पाठ फिरवून ओळखलं. मित्राने दाबलं, मी सांगितलं, चुकलो नाही. त्या पेडलला स्वतःचा रंग आहे, आतल्या स्विचने तो बदलतासुद्धा येतो. तुमचं फ्लेचर प्रकरण मान्य, पण प्रत्येक आनंदाला कानाचा भ्रम म्हणायचं तर मग गिटार तरी का वाजवायची?

डेसिबल_वेडा

रंग आहे म्हणताय ना, मग त्याला क्लीन म्हणू नका एवढंच.

सदा_सुरू

मी कुठे म्हटलं? मी सुंदर म्हटलं.

जुनाट_जॅक

भांडा, पण थोडा इतिहास ऐकून भांडा.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या माइक मॅथ्यूजने 1968 मध्ये एलपीबी-1 (लिनियर पॉवर बूस्टर) बाजारात आणला. बेल लॅब्जमधला बॉब मायर त्याच्यासाठी सस्टेन देणारं वेगळंच यंत्र बनवत होता. गिटारचा सिग्नल त्याला अपुरा पडत होता म्हणून पुढे एक ट्रान्झिस्टरची डबी जोडलेली होती. मॅथ्यूजने नुसती ती डबी लावून वाजवलं आणि त्याला तीच आवडली. नावात "लिनियर" होतं, म्हणजे सरळ, जसं आलं तसं मोठं करणारं. प्रत्यक्षात लोकांनी ती घेतली ती ॲम्प फाटावा म्हणून! त्या काळातल्या पुष्कळ ॲम्पला मास्टर व्हॉल्यूमच नसायचा. ॲम्प पुरा चढवा नाहीतर बाहेरून ढकला, दोनच रस्ते.

त्याच्याही आधी इंग्लंडात डॅलसचा रेंजमास्टर होता, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा. तो वरचेच सूर उचलायचा. क्वीन बँडच्या ब्रायन मेचा व्हॉक्स एसी30 ॲम्प जो गातो तो ट्रेबल बूस्टरने ढकललेला. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघरचंही तेच. म्हणजे आपल्या धागाकर्त्याला जो त्रास होतोय, आवाज न वाढता सूर जाड होण्याचा, त्याच त्रासासाठी एक अख्खी पिढी पैसे मोजत होती.

खऱ्या अर्थाने स्वच्छ म्हणता येईल असा पुढे एमएक्सआरचा मायक्रो ॲम्प आला, एक नॉब, 26 डेसिबलपर्यंत. आणि झेड-वेक्सचा सुपर हार्ड ऑन. त्याचा नॉब फिरवताना स्पीकरमधून करकर येते, नवा असला तरी. सर्किटच तसं आहे. बनवणाऱ्याने पेटीवर नॉबजवळच लिहून टाकलंय की करकर चालेल. असा प्रामाणिकपणा पेडलच्या धंद्यात दुर्मिळ.

कानठळ्या

आमच्या गायकाच्या कपाळावर पण असं काही लिहायला हवं.

वीजतज्ज्ञ

अवांतर नाही पण बाजूचं. पेडललाही स्वतःची मर्यादा असते. 9 व्होल्टवर चालणारं पेडल शिखरापासून तळापर्यंत 9 व्होल्टपेक्षा मोठी लाट बाहेर काढूच शकत नाही, प्रत्यक्षात त्याहून थोडी कमीच. डेसिबल_वेडांनी वर दहापटीचा हिशेब केला तो कागदावर. हंबकर आणि 20 डेसिबल म्हटलं की पेडल स्वतःच छाटायला लागतं. म्हणून काही पेडल 18 व्होल्ट घेतात, आणि क्लॉनसारखी काही आतल्या आत व्होल्टेज वाढवून घेतात.

पण पेडलवर किंवा माहितीपत्रकात 18 लिहिलं असेल तरच 18 द्या. नाहीतर आतले कपॅसिटर किंवा आयसी फुकटात जातील. प्लगची ध्रुवताही बघा, बहुतेक पेडलना मध्यभागी ऋण लागतं, सगळ्यांना नाही.

फझबाज

बूस्ट सर्वात आधी लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. साखळीत फझ फेससारखा जुन्या पठडीतला फझ (भरघोस फाड देणारं पेडल) असेल तर त्याच्या आधी काहीही बफर (सिग्नल सांभाळून पुढे देणारं सर्किट) असलेलं नको. त्याचा इनपुट इंपिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) फार कमी, त्याला थेट गिटारच्या पिकअपशी बोलायचं असतं. थेट जोडला तर गिटारचा नॉब किंचित मागे घेतला की तो सुंदर निवळतो. मध्ये बफर आला की निवळायचं विसरतो आणि वर कर्कश होतो. म्हणून आधी फझ, मग बूस्ट.

नळीविना

आमच्यासारख्या मॉडेलरवाल्यांनी (ॲम्पची डिजिटल नक्कल वापरणाऱ्यांनी) काय करायचं ते कुणी सांगणार का? माझ्याकडे ट्यूबच नाही. बूस्ट थेट ऑडिओ इंटरफेसला (गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीला) लावला तर लाल दिवा पेटतो आणि चरचर होते.

डेसिबल_वेडा

नळीविना, लाल दिवा म्हणजे आकड्यात बदलण्याच्या आधीच सिग्नल मर्यादेबाहेर गेला. ती छाटणी ट्यूबसारखी गोड नसते, टोक सरळ कापलं जातं आणि नंतर दुरुस्त होत नाही. बाहेरचा बूस्ट काढा. मॉडेलरच्या आतच बूस्टचा ब्लॉक असतो, तो वापरा. गेन हवा असेल तर ॲम्पच्या आधी, आवाज हवा असेल तर ॲम्प आणि कॅबिनेटच्या नंतर. एकदम स्वच्छ सॉलिड स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरच्या) ॲम्पचं मात्र वेगळं. रोलँड जेसी-120 सारख्या ॲम्पला पुढून बूस्ट दिला तर तो बऱ्याच अंतरापर्यंत खरंच फक्त मोठा होतो.

आठवा_फ्रेट

सगळ्यांचे आभार. कालच्या सरावाला करून पाहिलं, लिहितो.

आधी नुसती जागा बदलली. बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या नंतर. थोडा फरक पडला, पण मनाजोगता नाही. डेसिबल_वेडा म्हणाले तसंच झालं. मग ॲम्पचा गेन 7 वरून 3 वर आणला, मास्टर वाढवला आणि जी काही फाड हवी ती ओव्हरड्राइव्हकडून घेतली. बूस्टचा नॉब अगदी थोडा, सुरुवातीच्या पाव फेरीत. दाबला आणि कीबोर्डवाल्याने मान वर करून पाहिलं!

ॲम्पला इफेक्ट्स लूप (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मध्ये पेडल जोडायची सोय) नाही, त्यामुळे तो प्रयोग करता आला नाही. पण दोन गोष्टी अजून खटकतात. एक, ॲम्पचा स्वतःचा भरलेला सूर मला आवडायचा, तो आता पेडलमधून येतो, आणि तो तितकासा गोड नाही. दोन, मी बूस्ट दाबला की दुसरा गिटारवाला पण जोरात वाजवायला लागतो.

मंद्रा

दुसऱ्याचा इलाज वर दिलाय. बोला त्याच्याशी. त्याला वाटत असेल तुम्ही त्याला झाकताय.

खरडवही

पहिल्यासाठी: गेन 3 ऐवजी 5 वर, रिदमला गिटारचा नॉब 6-7. शेवटी माझ्याच दारात यायचंय तुम्हाला.

जुनाट_जॅक

खरडवही या वेळी बरोबर आहेत, हे लिहिताना हात थरथरतोय. गेन 5 वर असताना ॲम्प काठावर राहील. नॉब मागे असताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा, ॲम्पचाच सूर रिदमला येऊ द्या. सोलोला ड्राइव्ह आणि बूस्ट दोन्ही. आणि गिटारला ट्रेबल ब्लीड.

पिकअपवाला

आणखी एक शक्यता बघा. 15 वॉटच्या ट्यूब ॲम्पचा आवाज खूप मोठा असतो, पण जोरकस ड्रमरपुढे स्वच्छ आवाजाला तो तोकडा पडतो. वॉट दुप्पट केले तर फक्त 3 डेसिबल मिळतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. त्यापेक्षा स्पीकर बदला. 97 डेसिबल संवेदनशीलतेच्या जागी 100 डेसिबलचा लावला तर ॲम्प न बदलता दुप्पट वॉटचा फायदा. आणि ॲम्प खुर्चीवर ठेवा, जमिनीवर असला तर तुमच्या पोटऱ्यांनाच सोलो ऐकू येतो.

कानठळ्या

हे सगळ्यात आधी सांगायचं ना राव. अख्खा धागा पोटऱ्यांसाठी झाला.

लूपवाली

उशिरा आले. ज्यांच्या ॲम्पला लूप आहे त्यांच्यासाठी: बूस्ट लूपच्या सेंड आणि रिटर्न या दोन जॅकच्या मध्ये लावला की प्रीॲम्पचा आवडता सूर तसाच राहतो आणि फक्त उंची वाढते, पॉवर ॲम्पकडे जागा शिल्लक असेल तोवर. काही लूपची पातळी पेडलच्या मानाने बरीच चढी असते, 9 व्होल्टचं पेडल तिथे गुदमरतं. 4-5 डेसिबलच्या वर जाऊ नका, सोलोला तेवढे पुरतात. डिले (प्रतिध्वनीचं पेडल) लूपमध्ये असेल तर बूस्ट डिलेच्या आधी ठेवा. नंतर ठेवून सोलो संपताच बंद केलात तर मागे रेंगाळणारी शेपटीही एकदम खाली पडते, फार विचित्र वाटतं.

आठवा_फ्रेट

खुर्ची, गेन 5, नॉब 7, ट्रेबल ब्लीड. पुढच्या सरावाला करतो. दुसऱ्या गिटारवाल्याशी बोलणं त्यातलं सगळ्यात अवघड आहे, ते शेवटी.

कोरी_पाटी

नवीन सभासद. 18 व्होल्टचं वाचून ॲडॅप्टर मागवायला निघालो होतो. माझ्या बूस्टवर काहीच आकडा लिहिलेला नाही, पेटी पण हरवली. काय करू?

वीजतज्ज्ञ

9. आणि तेही ध्रुवता तपासून.